पाठ केलेले बोलणे

मलाजखंडचे नाव महाराष्ट्रात निघालेच तर तांब्यामुळे निघते. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, मैकलच्या डोंगररांगांत हिंदुस्तान कॉपरची खाण आहे. १९८२ पासून ती चालू आहे आणि देशातली तांब्याची सर्वांत मोठी उघडी खाण म्हणून ओळखली जाते. आता तिच्या तळाखाली भूमिगत खाणकाम सुरू झाले आहे. खाणीमागोमाग वसाहत आली, वसाहतीत देशभरातून नोकरीसाठी आलेली कुटुंबे आली. गोंड आणि बैगांची गावे भोवताली आधीपासून होतीच. वैनगंगेच्या खोऱ्यात पोवारी बोलली जाते, लांजी-कटंगीकडे मराठी घरे आहेत; तिकडची माणसेही कामधंद्यासाठी इथे येतात. अशा गावात एका चटईवर तीन-चार घरभाषा शेजारी शेजारी बसू शकतात. पुस्तक मात्र हिंदीचे उघडते आणि त्याला लागूनच इंग्रजीचे.

भाषेच्या शिक्षकाला याहून श्रीमंत वर्ग मिळणार नाही. आणि नेमक्या अशाच वर्गांची मला गंभीर काळजी वाटते. मुलांना बोलते करण्याचे उपक्रम सध्या सगळीकडे वाढत आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आले, २०२१च्या जुलैत निपुण भारत अभियान सुरू झाले, 'मौखिक भाषाविकास' हा शब्द प्रशिक्षणांत रुळला. संवाद-सादरीकरण, भूमिकाभिनय, एका मिनिटाचे भाषण, गटचर्चा, चित्रवर्णन अशा याद्या शिक्षकांच्या हाती आल्या. हेतू चांगला आहे. पण ज्या रीतीने हे वर्गात उतरते आहे ती तशीच राहिली, तर उपक्रम वाढत जातील आणि बोलणारी मुले तेवढीच राहतील. शिवाय जी बोलत नाहीत त्यांच्यावर 'संधी दिली तरी तोंड उघडत नाही' असा शिक्का बसेल. हा दुसरा धोका मला जास्त मोठा वाटतो, कारण उपक्रमच नव्हते तेव्हा निदान दोष शाळेचा होता.

एक नेहमीचा उपक्रम जवळून पाहू: दुकानदार आणि ग्राहक. शिक्षक फळ्यावर आठ-दहा ओळी लिहितात. मुले त्या वहीत उतरवतात, घरी पाठ करतात. दुसऱ्या दिवशी दोघे पुढे येतात. ग्राहक विचारतो, तांदूळ कसा दिला? दुकानदार भाव सांगतो. ग्राहक म्हणतो, फार महाग आहे, कमी करा. दुकानदार कमी करतो, कारण फळ्यावर तसे लिहिले होते. टाळ्या पडतात. या सगळ्या बोलण्यात कोणालाही काही जाणून घ्यायचे नव्हते. भाव दोघांनाही ठाऊक होता, घासाघीस कुठे थांबणार तेही ठाऊक होते. समजा दुकानदार झालेल्या मुलाने ऐनवेळी सांगितले की तांदूळ संपला, तर ग्राहकाची पंचाईत झाली असती, त्याला स्वतःचे काहीतरी म्हणावे लागले असते आणि तिथून खरे बोलणे सुरू झाले असते. पण त्याच क्षणी त्याला थांबवले जाते: ओळ विसरलास, जागेवर जा.

पुढे कोण येते, हेही पाहण्यासारखे असते. ज्यांच्या घरी हिंदी बोलली जाते, ती मुले येतात. ज्या मुलीच्या घरी गोंडी आहे, तिच्या वाट्याला ओळ नसलेली भूमिका येते. बाजारातल्या गर्दीत उभे राहण्याची. तिनेही भाग घेतला अशी नोंद होते.

हे दृश्य मध्य प्रदेशापुरते आहे असे मराठी वाचकाने समजू नये. महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. पाव शतक उलटले. आज आपल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत मूल दारात उभे राहून 'मे आय कम इन, सर?' हे वाक्य न अडखळता म्हणते. बहुतेक मुलांच्या बाबतीत ते एकच इंग्रजी वाक्य असे आहे की जे रोज, गरजेपोटी, समोरच्या माणसाला उद्देशून उच्चारले जाते आणि त्याचा काही परिणाम होतो. ते म्हटल्यावर आत जायला मिळते. म्हणून ते येते. बाकीची वाक्ये शेकड्यांनी शिकवली आणि ती आली नाहीत. या एका वाक्याच्या यशाचे कारण आपण लक्षात घेतले असते, तर बोलण्याचे अध्यापन वेगळ्या वाटेने गेले असते.

तोंडी परीक्षेचे काय झाले, ते तर सगळ्या राज्याने पाहिले आहे. दहावीला भाषांचे २० गुण शाळेच्या हाती होते. ८० लेखी, २० तोंडी. २०१९च्या परीक्षेला हे अंतर्गत गुण काढून घेतले आणि भाषेची पूर्ण १०० गुणांची लेखी परीक्षा झाली. आदल्या वर्षीचा ८९.४१ टक्के निकाल एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अंतर्गत गुण परत आणण्याचा निर्णय झाला. २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला. या सगळ्या चर्चेत सीबीएसईच्या मुलांशी बरोबरी, अकरावीचे प्रवेश, टक्केवारी यांवर भरपूर बोलले गेले. आपली मुले त्या भाषांत बोलतात का, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात ऐकू आला नाही. ज्या २० गुणांच्या नावातच बोलणे होते, त्यांचा बोलण्याशी संबंध उरलेला नाही हे इतके गृहीत धरले गेले होते की त्याची कोणाला खंतही वाटली नाही. गुण उदारपणे वाटले जात होते, हे शिक्षकांना, पालकांना आणि मंडळाला, सगळ्यांनाच माहीत होते. कौशल्याला गुण दिले की कौशल्य शिकवले जाते, असे आपण मानतो. इथे उलटे झाले. गुण मिळतच होते, म्हणून शिकवण्याची गरज संपली.

असे का होते, याचे एक कारण आपल्या वळणात आहे. आपल्याकडे चांगला वर्ग म्हणजे शांत वर्ग. मुख्याध्यापक व्हरांड्यातून जाताना ज्या वर्गातून गलका येतो, त्या वर्गाच्या शिक्षकाकडे पाहतात. घरीही 'तोंड वर करून बोलू नकोस', 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नये' हे बाळकडू. मूल सहा वर्षे गप्प राहण्याचे शिक्षण घेऊन शाळेत येते, शाळा ते शिक्षण पुढे चालवते आणि मग आठवड्यातून एका तासाला त्याने धीटपणे बोलावे अशी अपेक्षा ठेवते.

दुसरे कारण मोजमापाचे. निपुण भारतच्या उद्दिष्टांत तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असे आहे. हे मोजता येते, म्हणून ते मोजले जाते, तक्त्यात भरले जाते, बैठकीत विचारले जाते. असर या देशव्यापी शैक्षणिक पाहणीचा गाभाही वाचन आणि गणित हाच राहिला आहे. त्याबद्दल तक्रार नाही. वाचता न येणाऱ्या लाखो मुलांचे वास्तव त्या पाहणीनेच देशापुढे आणले. पण जे मोजले जात नाही त्याला शाळेच्या दिवसात जागा उरत नाही आणि बोलणे मोजायला अवघड आहे. मग त्याचे छायाचित्र काढून गटावर पाठवले जाते. माईक हातात घेतलेल्या मुलाचे छायाचित्र हा बोलण्याच्या अध्यापनाचा पुरावा होऊन बसला आहे.

तिसरे कारण सगळ्यांत साधे आणि बहुधा सर्वांत महत्त्वाचे. शिक्षक जे विचारतात, त्याचे उत्तर त्यांना माहीत असते. आणि मूल उत्तर जुळवत असते तोवर त्यांचा धीर सुटतो. अमेरिकेत मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासिकेने १९७०च्या आसपास वर्गातल्या ध्वनिफिती ऐकून एक गोष्ट मोजली होती: प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात? सरासरी सेकंदभर. हाच अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर उत्तरे लांब होतात, 'माहीत नाही' कमी होते आणि ज्यांच्याकडून कोणाला अपेक्षा नसते ती मुलेही बोलू लागतात, असे तिला दिसले. ही मुले स्वतःच्याच भाषेत बोलत होती. जे मूल प्रश्न हिंदीत ऐकते, गोंडीत समजून घेते, उत्तर गोंडीत शोधते आणि पुन्हा हिंदीत आणते, त्याला किती सेकंद लागतील? आपण त्याला एक देतो. त्या एका सेकंदानंतर शेजारचा हात वर करतो, उत्तर देतो, शिक्षक 'शाब्बास' म्हणतात. हे दिवसातून पाच-सहा वेळा झाले की वर्षभरात त्या मुलाला काय कळते? आपले बोलणे येईपर्यंत इथे कोणी थांबत नाही, हे कळते. त्याची चुप्पी अशी शिकवलेली आहे.

इलाज परदेशातून आणण्याची गरज नाही. मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करणाऱ्या एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांमध्ये एक प्रयोग केला. बंगलोर प्रकल्प म्हणून तो जगभर अभ्यासला जातो; १९८७ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. त्यांच्या वर्गात संवाद पाठ नव्हते. मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक ठेवायचे, नकाशा ठेवायचा आणि विचारायचे: अमक्या गावाला संध्याकाळपर्यंत पोहोचायचे तर कोणती गाडी धरावी? लक्ष प्रश्न सोडवण्यावर, भाषा त्यासाठी लागते म्हणून येणार. प्रभूंनी अशा कामांचे तीन प्रकार सांगितले. एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे नाही. दिलेल्या माहितीवरून विचार करून काही काढायचे आहे. किंवा प्रत्येकाचे मत वेगळे असू शकते. तिन्हींच्या मुळाशी एक दरी आहे आणि ती बोलल्याशिवाय ओलांडता येत नाही. मुलांनी एका शब्दात उत्तर दिले तरी त्यांना चालत असे. पूर्ण वाक्यात बोल, असा हट्ट नव्हता. या प्रयोगाच्या मूल्यमापनावर पुढे वाद झाले, ते असोत. आज आपल्याकडच्या प्रशिक्षणांत भूमिकाभिनय आहे, गटचर्चा आहे, पण ती दरी नाही. सांगाडा उचलला आणि जीव राहून गेला.

आता मलाजखंडसारख्या ठिकाणी पाहा. ही दरी तिथे तयारच आहे. खाणीत काम करणाऱ्याच्या मुलाला डंपर किती मोठा असतो, स्फोट करण्याआधी काय इशारा देतात, बाबांची पाळी बदलली की घरचे जेवण कधी होते, हे माहीत असते. डोंगरातल्या गावच्या मुलीला मोह पहाटेच का वेचायचा, चारोळीचे फळ कधी पिकते, तेंदूच्या पानांचा पुडा कसा बांधतात, हे माहीत असते. वैनगंगेच्या खोऱ्यातून आलेल्या पोवार घरातल्या मुलाला धानाची रोवणी माहीत असते. एकाचे दुसऱ्याला माहीत नाही. आणि बाहेरगावाहून बदलून आलेल्या शिक्षकाला यांतले पुष्कळसे माहीत नाही.

शिक्षकाचे हे न जाणणे हे मोठे भांडवल आहे. कल्पना करा, शिक्षिका एका मुलीला म्हणतात: तुझ्या घरी यायचे तर कसे येऊ? तू सांग, मी फळ्यावर काढते. मुलगी शाळेपासून सुरुवात करते. नाला येतो. शिक्षिका नाला रस्त्याच्या डाव्या बाजूला काढतात. मागून दुसरा मुलगा ओरडतो, उजव्या! तिसरी सांगते की नाल्याच्या आधी साजाचे झाड आहे. शब्द अडला तर मुलगी गोंडीतला शब्द वापरते. शिक्षिका तो तसाच फळ्यावर लिहितात, शेजारी हिंदी शब्द कोणता ते मुलांनाच विचारतात. नकाशा दोनदा पुसला जातो. शेवटी मुलगी स्वतः उठून खडू घेते. या पंधरा मिनिटांत तिने दिशा सांगितली, चूक दुरुस्त केली, वाद घातला, पुन्हा समजावले. व्याकरण मोडकेतोडके होते, दोन भाषा मिसळल्या होत्या. पण प्रत्येक वाक्याला काम होते आणि शिक्षिकेला ठाऊक नसलेले उत्तर तिला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी तीच वाट तिने वर्गाला हिंदीत सांगायची. आता शब्द हाताशी आहेत. इंग्रजी त्यानंतर, त्याच नकाशावर. यासाठी ना साहित्य लागते ना निधी. लागते ते एवढेच की शिक्षिकेने, आपल्याला हे माहीत नाही, असे मुलांसमोर मान्य करावे.

कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच तत्त्व बालशिक्षणात आणले होते. वारली मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी अंगणवाडी पाड्यावर नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, साधने म्हणून पाने, बिया, शिंपले, खडे घेतले. मुलाच्या हातात जे आहे त्यावर ते बोलते, हे त्यांनी करून दाखवले. आजही वाडा तालुक्यात सोनाळ्याची क्वेस्ट ही संस्था आदिवासी भागातल्या भाषाशिक्षणावर चिकाटीने काम करते आहे. म्हणजे मराठीत याचे ज्ञान नाही असे नाही. ते शासनाच्या याद्यांत पोहोचत नाही.

घरभाषेबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण बोलण्याच्या उपक्रमांत सर्वांत मोठी चूक तिथे होते. 'वर्गात फक्त हिंदी' किंवा 'आज इंग्रजी दिवस' असा नियम केला की बोलण्याचा सराव होईल, असे समजले जाते. ज्याच्याकडे ती भाषा थोडीफार आहे, त्याचा होतो. ज्याच्याकडे नाही, त्याला तो नियम म्हणजे तोंडबंदीचा हुकूम आहे. बैगांची बोली छत्तीसगढी-हिंदीच्या जवळची; ते मूल चाचपडत का होईना, काही पकडते. गोंडी द्राविडी कुळातली. जिथे घरात ती अजून बोलली जाते, तिथल्या मुलाला हिंदीचा एकही धागा जन्माने मिळालेला नसतो. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९.८ लाख होते. तरीही ती आठव्या अनुसूचीत नाही. १९५६ला राज्ये भाषेवर बेतली गेली, मध्य प्रांतातले मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, आणि गोंडी बोलणारे अनेक राज्यांत वाटले गेले. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-क हे कलम आले: भाषिक अल्पसंख्य गटांतल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यांनी करावी. बालाघाटच्या मराठी मुलालाही ते लागू आहे आणि गोंड मुलालाही. सत्तर वर्षे होत आली. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेला २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच उभी करावी लागली, यावरून ती सोय किती झाली ते समजावे.

शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ याहून थेट बोलते. मुलाला भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावे आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडायला मदत करावी, असे त्यात लिहिले आहे. बोलणे हा अभ्यासक्रमातला एक घटक आहे असे मानणाऱ्यांनी हे कलम वाचावे. तो मुलाचा कायदेशीर हक्क आहे.

सध्या नवे साधन आले आहे: मोबाइलवरची बोलण्याचा सराव घेणारी ॲप. उच्चार सुधारायला त्यांचा उपयोग होईल, लाजाळू मुलाला एकांतात चुका करता येतील, हेही खरे. पण त्या यंत्राला मुलीच्या घरची वाट जाणून घ्यायची नसते. शिक्षक नाहीत म्हणून ॲप दिले, असे दुर्गम शाळांबाबत होऊ लागले, तर उरलासुरला ऐकणारा माणूसही वर्गातून जाईल.

हे सगळे शाळेपुरते राहणार असते तर इतके लिहिले नसते. मलाजखंडशेजारचा बैहर विकासखंड अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६च्या पेसा कायद्याने अशा भागांत ग्रामसभेला अधिकार दिले. २००६च्या वनहक्क कायद्याने दावे ऐकण्याचे काम ग्रामसभेकडे सोपवले. हे दोन्ही कायदे असे धरून चालतात की गावातला माणूस उभा राहील आणि बोलेल; अधिकाऱ्याला प्रश्न विचारेल, न पटलेले नाकारेल, पुन्हा समजावून सांगा म्हणेल. खाण, जंगल आणि अभयारण्य यांच्यामध्ये राहणाऱ्या माणसाला हे जितके लागते तितके क्वचितच कोणाला लागत असेल. ज्या मुलीला गर्दीतली मूक भूमिका आठ वर्षे दिली, ती अठराव्या वर्षी ग्रामसभेत काय करेल? ठराव वाचला जाईल, ती अंगठ्याऐवजी सही करेल. साक्षरता वाढल्याची नोंद होईल.

म्हणून काही गोष्टी आताच व्हायला हव्यात. तोंडी परीक्षेचे गुण लेखी गुणांत मिसळू नयेत, गुणपत्रिकेवर वेगळे छापावेत, म्हणजे ते फुकट वाटण्याचा मोह कमी होईल. पाठ केलेल्या संवादाला बोलण्याचे गुण देणे बंद करावे. गोंडी, बैगानी, पोवारी जाणणारी स्थानिक माणसे पहिली-दुसरीच्या वर्गांत मानधनावर नेमावीत. ती गावातच आहेत. मुख्याध्यापकांनी गलक्याबद्दल शिक्षकाला जाब विचारण्याआधी आत जाऊन मुले कशावर बोलत आहेत ते ऐकावे.

आणि शाळा व्यवस्थापन समितीवर असलेल्या पालकांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी शाळेत जाल तेव्हा मुलांना कविता म्हणून दाखवायला सांगू नका. मागच्या रांगेतल्या एखाद्या मुलाला असे काहीतरी विचारा, जे तुम्हाला खरोखर माहीत नाही. त्याला त्याच्या भाषेत सुरुवात करू द्या, आणि तो बोलेपर्यंत थांबा.